शून्य कुठं लिहायचं?

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून नात आली ती पिशवीत एक लाल डबा घेऊन. तिच्या मामानं अमेरिकेहून पाठवलेला. डब्यात पाच पांढरे फासे, फासे घोळवायचा एक पेला आणि रकाने छापलेल्या कागदांचं एक पॅड. खेळाचं नाव याट्झी. आमच्या हिच्या तोंडात ते नाव काही बसेना. ती त्याला ‘पाच फाशांचं’ म्हणायला लागली आणि घरात तेच नाव रूढ झालं.

१९५६ साली एडविन लो नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्यानं हा खेळ बाजारात आणला. कॅनडातलं एक जोडपं आपल्या नौकेवर पाहुण्यांबरोबर तो खेळायचं, त्यांच्याकडून त्यानं घेतला, अशी गोष्ट सांगतात. तर असा हा पाण्यावरचा खेळ आमच्या माणदेशात आला, जिथं माणगंगेचं पात्र वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू दाखवतं.

फासे आम्हाला नवे नव्हते. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं देवळात कवड्यांवर पट खेळायची. आम्ही पोरं चिंचोके मधोमध फोडायचो, एक बाजू पांढरी, एक काळी, आणि फरशीवर कोळशानं घर आखून त्यावर दान टाकायचो. पण त्या खेळांत सोंगटी पुढं जायची, कुणाची तरी मारली जायची, आरडाओरडा व्हायचा. या खेळात पुढं जाणारं काही नाही. पुढं सरकते ती फक्त पेन्सिल.

रीत सोपी आहे. आपली पाळी आली की पाचही फासे टाकायचे. हवे ते ठेवायचे, नको ते उचलून पुन्हा टाकायचे. असं सगळं मिळून तीन वेळा. मग जे दान हातात राहील ते आपल्या कागदावरच्या तेरा रकान्यांपैकी एकात लिहायचं. वरचे सहा रकाने एक्के, दुऱ्या, तिऱ्या, चौके, पंजे, छक्के यांचे. खाली तीन सारखे, चार सारखे, मग तीन एकाचे आणि दोन दुसऱ्याचे असले तर पंचवीस गुण, चारची रांग लागली तर तीस, पाचची लागली तर चाळीस. पाचही फासे सारखे पडले तर पन्नास. आणि शेवटचा एक रकाना असा, की त्यात कसलंही दान चालतं, फक्त बेरीज लिहायची. माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या आक्कानं, त्याचं नाव खिचडी ठेवलं. प्रत्येक रकाना एकदाच भरायचा. तेरा पाळ्या, तेरा रकाने, डाव संपला.

पॅडची पानं चार दिवसांत संपली. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेली. शाळेनं रद्दीत काढलेलं हजेरीपटाचं एक अर्धं कोरं बुक माळ्यावर पडून होतं. ते काढलं. मुलांच्या नावांच्या जागी एक्के, दुऱ्या, तिऱ्या लिहिल्या आणि तारखांच्या जागी खेळणाऱ्यांची नावं. हजेरीपटाइतका आयता आखलेला कागद या खेळाला दुसरा मिळायचा नाही.

आता मुद्द्यावर येतो.

पाचव्या की सहाव्या दिवशी नातीचं एक दान असं पडलं: दोन दुऱ्या, एक तिर्री, एक पंजा, एक छक्का. तिचे तीनच रकाने मोकळे राहिले होते. एक्के, चारची रांग आणि पन्नासचा. हातातलं दान त्यातल्या एकाही जागी बसत नव्हतं. ती म्हणाली, “मी ही पाळी सोडते.”

मी डब्यावरचे नियम पुन्हा वाचले. पाळी सोडता येत नाही. रकाना रिकामा ठेवता येत नाही. दान कुठंच बसत नसेल तर मोकळ्या रकान्यांपैकी एक निवडायचा आणि त्यात शून्य लिहायचं. तो रकाना मग गेला. पुढच्या पाळीला कितीही चांगलं दान पडलं तरी तो परत उघडत नाही.

पोरीचे डोळे भरले. “पण माझी काय चूक? दानच वाईट पडलं ना!”

“चूक कुणाचीच नाही,” मी म्हणालो. “पण लिहायला तर लागेल.”

तिनं थोडा वेळ पेन्सिलीचं टोक चावलं आणि एक्क्यांच्या रकान्यात शून्य मांडलं. कारण विचारलं तर म्हणाली, “आजोबा, एक्क्यात असून असून किती मिळणार? पाच. बाकीच्यात तीस आहेत, पन्नास आहेत. सगळ्यात स्वस्त घालवला.”

हुशार आहे पोरगी, असं मला वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. आणि रात्री गच्चीवर अंथरुणात पडल्यावर मात्र ते ‘सगळ्यात स्वस्त घालवला’ काही डोक्यातून जाईना.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांवर एक सूक्त आहे. जुगारात बायको, घर, इभ्रत घालवून बसलेल्या माणसाचं. शेवटाकडं त्या माणसाला सल्ला दिलेला आहे की बाबा रे, फासे टाकू नकोस, शेती कर. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. सांगणारा ऋषी माणदेशात आलेला नसावा. आमच्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आमच्याकडं पाचशेचीही खात्री नसते. इथं मिरगात बाजरी पेरायची ती फासे घोळवल्यासारखीच. बी मातीत गेलं की पेला उपडा झाला. नाही उगवली तर दुबार पेरणी, म्हणजे दुसऱ्यांदा फासे टाकायचे. तेही गेलं तर हस्ताच्या पावसावर रब्बीचा शाळू. तीन वेळा टाकून झाले की मग जे हातात राहील ते वर्षाच्या कागदावर लिहायचं. आणि काही वर्षांचं दान कुठल्याच रकान्यात बसत नाही.

१९७२ चं साल तसं होतं.

मी तेव्हा अकरा वर्षांचा, गावच्या शाळेत सहावीला. आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गावात सातवीपर्यंतच शाळा होती. सातवी झाल्यावर ती पाच किलोमीटरवरच्या बाजारच्या गावी हायस्कूलला आठवीत जायला लागली होती. आमच्या आळीतली हायस्कूलला गेलेली ती पहिली मुलगी. गणित तिचं इतकं चांगलं की मला पावकी-निमकी तिनंच घोकून घेतलेली. मी चुकलो की ती मारायची नाही, फक्त पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. ते मारापेक्षा वाईट.

त्या वर्षी मिरीग कोरडा गेला, नंतरची नक्षत्रंही गेली. विहिरीचा तळ दिसायला लागला. दिवाळीच्या सुमाराला दुष्काळी कामं निघाली. रस्ता, पाझर तलाव, नालाबांध. सगळा गाव खडी फोडायला जायचा. कामावर सुकडी मिळायची. रेशनला मिलो नावाची परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना आई काही बोलायची नाही, पण तिचं तोंड मला अजून दिसतं. या कामांच्या अनुभवातूनच पुढं राज्यात १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, हे मी नंतर शाळेत मुलांना शिकवायचो. शिकवताना खडीचा आवाज ऐकू यायचा.

आबा रात्री ओट्यावर बसून बोटं मोजायचे. लिहिता येत नव्हतं त्यांना, सगळा हिशेब बोटांवर. दावणीला खिलारी जोडी होती. ती विकली तर पुढच्या साली पाऊस पडून उपयोग काय? पेरणार कशानं? सोसायटीचं कर्ज थकलेलं. सावकाराकडं जमीन लावायची, तर जमीन परत येत नाही हे त्यांच्या बापाच्या वेळी बघितलेलं. गाय होती. ती येईल त्या किमतीला बाजारात दिली. बैल छावणीत नेले. तरी हिशेब बसेना. मग राहिलो आम्ही. धाकटा भाऊ दोन वर्षांचा, त्याला कुणी तरी सांभाळायचं. पाणी दीड मैलावरून आणायचं. आईबरोबर खडीवर आणखी दोन हात गेले तर आणखी एक हजेरी पडणार.

एका रात्री आबांनी मला हाक मारली. कंदिलाची वात मोठी केली. म्हणाले, “तुजं अक्षर चांगलं हाय. लिही.”

मी वहीचं पान फाडून लिहिलं. ‘मे. हेडमास्तरसाहेब यांचे सेवेशी. घरगुती अडचणीमुळे माझ्या मुलीचे नाव पटावरून कमी करण्यात यावे, ही नम्र विनंती.’ मायना मला पाठ होता, मास्तरांनी नुकताच शिकवला होता. आबांनी खाली अंगठा उठवला. मी त्याभोवती कंस करून ‘निशाणी अंगठा’ असं लिहिलं. खरं सांगतो, मला त्या वेळी दुसरं काही वाटलं नाही. इतका महत्त्वाचा कागद आपल्या हातून लिहून झाला याचा आनंदच झाला होता.

घरात आक्काच्या शाळेवर बोलणं झालं नाही. त्यानंतरही कधी झालं नाही. ती खडीवर जायला लागली. तिसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं, आटपाडीकडच्या गावी. मी शिकलो, डी.एड. केलं, मास्तर झालो. पगार, पेन्शन, हे पक्कं घर, ही गच्ची जिच्यावर मी झोप येत नाही म्हणून कुशी बदलत होतो, सगळं त्यातूनच आलं.

आपल्याकडं अशा गोष्टीला एक शब्द तयार असतो. नशीब. दुष्काळ पडला, आक्काचं नशीब. मुलीच्या जातीचं नशीब. पन्नास वर्षं मीही हेच म्हणत आलो, आणि म्हणताना मला बरं वाटायचं, कारण नशिबाला कुणी जाब विचारत नाही. पण नातीच्या त्या डावानं माझा हा आडोसा काढून घेतला. दान पडणं नशीब, हे खरं. पाऊस न पडणं आबांच्या हातात नव्हतं. शून्य कुठं तरी लिहावंच लागणार होतं, हेही नशीबच म्हणा. पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे नशीब नव्हे. तिथं पेन्सिल माणसाच्या हातात असते. आमच्या घरी तर ती माझ्याच हातात होती.

मग आबा वाईट होते का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आणि दरवेळी माझं उत्तर नाही असंच येतं. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? बैल विकले असते का? विकले असते तर १९७३ ला आम्ही सगळेच उघडे पडलो असतो. माणूस कोंडीत सापडतो तेव्हा त्याच्यापुढं एक चांगलं आणि एक वाईट असं काही ठेवलेलं नसतं. सगळेच रकाने आपले असतात आणि त्यातला एक घालवायचा असतो. ज्यानं कधी शून्य लिहिलं नाही त्यानं आबांना नावं ठेवू नयेत.

पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कारण खेळात आणि घरात एक फरक आहे. खेळात मी शून्य लिहितो ते माझ्या कागदावर. घरात आबांनी ते आक्काच्या कागदावर लिहिलं. महाभारतातल्या द्यूताची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. शकुनीचं कपट आपल्याला लक्षात राहतं. पण द्रौपदीनं जो प्रश्न विचारला तो फाशांबद्दल नव्हताच. सभेत बोलवायला आलेल्या माणसाला तिनं विचारलं, की राजानं आधी स्वतःला हरवलं का मला? म्हणजे मला पणाला लावायचा त्याला अधिकार होता का? सभेत भीष्मांसारखी माणसं बसली होती. त्यांनाही सरळ उत्तर देता आलं नाही. कौरवांतला एकटा विकर्ण बोलला, त्याला गप्प बसवलं. आबा काही जुगार खेळत नव्हते, ते लेकरं जगवत होते. तरी प्रश्न तोच राहतो. रकाना कुणाचा होता?

आणि दुसरी गोष्ट. नातीनं एक्के घालवले, कारण एक्क्यांची किंमत कागदावर ठरलेली आहे. फार तर पाच. आमच्या घरात आक्काच्या शाळेची किंमत कुणी छापून ठेवली होती? कुणीच नाही. पण सगळ्यांना ती माहीत होती. आबांना, आईला, गावाला, अकरा वर्षांच्या मलासुद्धा. मुलगी म्हणजे घरातला एक्क्यांचा रकाना. वाईट दान पडलं की पहिलं शून्य तिथं.

जूनच्या तोंडाला आक्का आली. दरवर्षी कुरडया-सांडग्यांच्या निमित्तानं ती आठ दिवस माहेरपणाला येते. पासष्टी झाली तरी माहेरपण सोडलेलं नाही. तिच्या गावच्या बचत गटाचा हिशेब बरीच वर्षं तीच लिहिते. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, शाळा सुटली तरी बाई हुशार निघाली. मला ते बोलणं आवडत नाही. माणूस शून्यातूनही काही उभं करतो, याचा अर्थ शून्य लिहिणं बरोबर होतं असा होत नाही.

नातीनं तिला खेळात ओढलं. पहिल्या दिवशी समजून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची बेरीज आक्काच करायला लागली. मी कागदावर मांडेपर्यंत ती तोंडी सांगून मोकळी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे दोन रकाने राहिले होते. एक्के आणि पन्नासचा. तीनदा टाकून हाती आलं ते दोन दुऱ्या, चौका, पंजा, छक्का. कशातच बसत नव्हतं.

नात लगेच म्हणाली, “आत्याआजी, एक्क्यात शून्य टाक. तिथं असून असून पाच. पन्नासचा ठेव.”

आक्कानं पेन्सिल हातात घेतली, कागदाकडं बघितलं आणि पन्नासच्या रकान्यात गोल शून्य काढलं.

“अगं, काय केलंस!”

“आसू दे,” आक्का म्हणाली. “पाच तर पाच. त्येचं त्येला बी यील की कायतरी.”

शेवटच्या पाळीला तिला दोन एक्के मिळाले. दोन गुण. डाव हिनं जिंकला. आक्का तिसरी आली.

मी मास्तर माणूस. रात्री कागद घेऊन बसलो आणि गणित केलं. शेवटच्या एका पाळीत, तीन वेळा टाकून, एक्क्यांच्या रकान्यात सरासरी किती गुण पडतील? दोनाहून थोडे जास्त. आणि पन्नासच्या रकान्यात? पाचही फासे सारखे पडणं साधारण बावीस पाळ्यांत एकदा जमतं. म्हणजे सरासरी काढली तर तिथंही दोनाहून थोडेच जास्त. फरक नावापुरता. कागदावर एकीकडं पन्नास दिसतात, एकीकडं पाच, म्हणून आपण डोळे झाकून पाचचा घालवतो. हिशेब केला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण नुसते मोठ्या आकड्याकडं बघितलेलं असतं. आमच्या घरातही आक्काच्या शाळेचा हिशेब कुणी केला नव्हता. तो केलाच आहे असं सगळ्यांनी धरलं होतं.

त्या रात्री ओट्यावर आम्ही दोघंच होतो. लाइट गेलेली. मी म्हणालो, “आक्का, ती चिठ्ठी मी लिहिली होती.”

“कसली?”

“शाळेची. बहात्तर सालची.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला म्हाईत हाय. चिठ्ठी मीच नेली हुती न्हवं का. पुस्तकं परत करायची हुती लायब्ररीची, म्हून आबांनी माझ्याजवळच दिली. वाटंत वड्यापाशी उघडून वाचली.”

मला हे माहीत नव्हतं. एकावन्न वर्षांत ती कधी बोलली नव्हती.

“अक्षर झ्याक हुतं तुजं,” ती म्हणाली. “पर ‘विनंती’ चुकला हुतास. पैली वेलांटी दीर्घ काढलीवतीस. मी दप्तरातनं पेन काढलं आन् दुरुस्त केली. हेडमास्तर काय म्हणतील, आसं वाटलं.”

मला काय बोलावं सुचेना. माफी मागायची म्हणून मी विषय काढला होता, पण ‘माफ कर’ हे शब्द त्या चुकलेल्या वेलांटीपुढं फार हलके वाटायला लागले. मी म्हणालो, “आबांचं चुकलं का गं?”

“शून्य कुटंतरी ल्ह्यावंच लागणार हुतं,” आक्का म्हणाली. “आबा तरी काय करतील? बैलं इकून कसं चाललं आसतं? त्याचं मला काय न्हाय. पर मला इचारलं न्हाई रं कुणी. मला इचारलं आसतं तर मीच म्हणले आसते, माजं थांबवा. दोन वर्सं खडी फोडली ती फोडलीच आसती. पर मग ते मी दिल्यालं आसतं. आता ते घेतल्यालं हाय.”

बस, एवढंच. त्यानंतर तिनं कुरडयांचा चीक सकाळी लवकर काढायचा आहे असं काहीतरी सांगितलं आणि आत झोपायला गेली.

मी तिच्या बोलण्यावर पुष्कळ विचार केला आहे. दिलेलं आणि घेतलेलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. खडी तीच, हजेरी तीच, बुडालेली आठवी तीच. हजेरीपटावर दोन्हीकडं ‘नाव कमी केले’ एवढाच शेरा. तरी पन्नास वर्षं माणूस जे उरावर वागवतो त्यात दोन्हींचं ओझं वेगळं असतं. दिलेल्याबद्दल माणसाला दुःख होतं, पण ते दुःख त्याचं स्वतःचं असतं. घेतलेल्याबद्दल त्याला आपण त्या घरात नेमके कोण होतो, हाच प्रश्न पडत राहतो.

यावर एक शंका निघते, ती मी लपवत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला बापानं कंदिलाच्या उजेडात विचारलं असतं, समोर आई बसलेली, मांडीवर धाकटा रडतोय, तर तिचा होकार हा खरा होकार असता का? नाही म्हणायची सोय तिला होती का? बहुतेक नव्हती. आपल्या घरांत पुष्कळ बायकांना विचारलं जातं ते असं, की उत्तर आधीच ठरलेलं असतं. अशा विचारण्यापेक्षा न विचारणं प्रामाणिक, असंही कुणी म्हणेल. पण मला ते पटत नाही. विचारायचं म्हटलं की विचारणाऱ्यालाही थांबावं लागतं. आबांनी आक्काच्या तोंडाकडं बघून विचारलं असतं, तर कदाचित त्यांना निदान एक वाक्य जास्त बोलावं लागलं असतं. दुष्काळ सरला की पुन्हा जाशील, असं काहीतरी. १९७३ ला पाऊस पडला. पुढच्या साली तिला पुन्हा शाळेत घालता आलं असतं. याट्झीच्या कागदावर शून्य लिहिलेला रकाना परत उघडत नाही. घरातला उघडता येतो. पण कुणाच्या डोक्यात ते आलंच नाही, कारण आपण कुणाचं काही थांबवलंय असं कुणाला वाटलंच नव्हतं.

आक्का गेली. नात जायची होती, तिचे आईवडील रविवारी न्यायला येणार होते. शुक्रवारी रात्री मुलाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाला, “आप्पा, धाकट्याला सांभाळणारी बाई काम सोडून गेली. दुसरी मिळेना. तेव्हा ठरवलंय आम्ही, की हिनं नोकरी सोडायची. दोन-तीन वर्षं तरी.”

मी विचारलं, “तिनंच का?”

“तिचा पगार माझ्यापेक्षा कमी आहे ना. हिशेबानं तेच बरोबर आहे.”

माझ्यासमोर हजेरीपटाचं बुक उघडं पडलं होतं. आक्काच्या नावाखाली पन्नासच्या ओळीत ते गोल शून्य, आणि वर एक्क्यांच्या ओळीत दोन. एकेकाळी मीही ‘हिशेबानं बरोबर’ असंच म्हटलं असतं. कदाचित त्यांचं बरोबर असेलही. त्यांच्या घरात कुठं शून्य लिहायचं हे सांगणारा मी कोण? पेन्सिल त्यांची आहे.

मी एवढंच म्हणालो, “‘ठरवलंय आम्ही’ म्हणजे कुणी रे? तिला विचारलंस का?”

फोनवर थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “विचारतो.”